बर्निसची ओळख परेड

पैज लागली तेव्हा वेस कोम्ब्सच्या तोंडात अर्धा हॉटडॉग होता. त्यामुळे त्याचं "लागली" हे काझला "वावली" असं ऐकू आलं. पण काझ वोजिक असल्या बारीकसारीक गोष्टींवर अडणारा माणूस नव्हता. त्याने लगेच हात पुढे केला आणि वेसच्या मोहरीचा सॉस लागलेल्या हातात घट्ट दाबला. कोपऱ्यावरच्या दुकानाचा फादी साक्षीला होता. झालं, लागली.

रविवारची दुपार होती. मिशिगनमधल्या हेझल पार्क गावात वेसच्या गॅरेजचं शटर वर होतं आणि आत चार स्टँडवर बर्निस उभी होती. बर्निस म्हणजे सत्तर सालची दोन दारांची, दांडग्या इंजिनाची मसल कार. कंपनीचं नाव इथं घेत नाही, म्हाताऱ्याची पेन्शन अजून तिथूनच येते. म्हातारा म्हणजे वेसचा बाप, ऑर्विल. गाडी त्याची. त्या दिवशी तिला इंजिन नव्हतं, सीट नव्हत्या, काचा नव्हत्या, नुसता पत्र्याचा सांगाडा. शेजारी लाकडी खोक्यात पाचशे घोड्यांचं कोरं इंजिन बसलं होतं, नवऱ्या मुलासारखं.

काझ कॉफीचा मग घेऊन आला आणि दारातच उभा राहिला.

"अंत्यविधी किती वाजता आहे?"

"तुला खांदा द्यायला बोलावतो की," वेस म्हणाला.

काझची स्वतःची गाडी एकोणसत्तरची. तिचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नव्हता. टायरमधली हवादेखील कारखान्यातलीच आहे असं तो सांगायचा, आणि फादी सोडून सगळ्यांना ती थाप वाटायची. वर्षातून चारदा ती बाहेर निघे, ढग नसला तर.

"इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, ब्रेक नवे, खाली स्प्रिंगासुद्धा नव्या," काझ बोटांवर मोजत म्हणाला. "वर एसी. वर बूड गरम करणारी सीट. तू गाडी दुरुस्त करत नाहीयेस, वेस. तू बायकोच्या नावावर दुसरीच बाई घरात आणतोयस."

"नाव तेच आहे ना, मग शेजाऱ्यांनी कशाला बघायचं?"

"मिस्टर कोम्ब्सना बसव तिच्यात. पाच मिनिटांत विचारतील, ही कुणाची गाडी."

हॉटडॉग नेमका तेव्हाच वेसच्या घशात अडकला. कारण काझने गंमतीत जिथं बोट ठेवलं होतं, तिथंच त्याला गेले कित्येक महिने दुखत होतं.

त्याचं असं होतं. ऑर्विलच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग बसला होता. कडेनं उजेड तेवढा कळायचा, माणसं आवाजावरून. आणि एकतीस वर्षं कारखान्यात वाकून वेल्डिंग केल्यामुळे पाठीचे मणके पार गेलेले. सहा वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, वुडवर्ड नावाच्या मोठ्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते तेव्हा बापलेक बर्निस घेऊन निघाले. बर्निसच्या स्प्रिंगा बैलगाडीच्या, रस्ते मिशिगनचे, ऊन मरणाचं. इलेव्हन माइल रोडपाशी म्हाताऱ्याने गाडी थांबवायला लावली, दाराला धरून उतरला आणि म्हणाला, "तू हो पुढे. मी बसने येतो." त्यानंतर तो कधी जत्रेला आला नाही. दर ऑगस्टला त्या शनिवारी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचा. वुडवर्ड तिथून दोन मैल, पण हजारो इंजिनांची घरघर येते तिथवर. ती ऐकत बसायचा, जेवायलासुद्धा उठायचा नाही.

हे बघवेना म्हणून वेसने विचारलं होतं, "डॅडी, बर्निसला नवी करू का? तुमच्या पाठीला सोसेल अशी?"

"कर काय करायचं ते," म्हातारा म्हणाला होता. "मला कुठं दिसतंय."

ही परवानगी होती की शाप, याचा विचार वेस दोन हिवाळे करत होता. हातात ग्राइंडर धरून तर फारच.

म्हणून तो चिडला आणि म्हणाला की नाइन माइल रोडपासून टेन माइल रोड येईपर्यंत, म्हणजे बरोब्बर एका मैलात, डॅडी आपणहून "बर्निस" म्हणतील. अटी काझने घातल्या. म्हाताऱ्याला आधी सांगायचं नाही. बाहेरून हात लावू द्यायचा नाही, बोटं फार हुशार आहेत त्यांची. काझ साक्षीला मागच्या सीटवर, पण मुका. आणि हरेल त्याने येत्या जत्रेत वुडवर्डच्या कडेला खुर्ची टाकून सकाळपासून पाच वाजेपर्यंत बसायचं, अंगात शेजारच्या, हाडवैरी ओहायोच्या फुटबॉल टीमचा लाल शर्ट घालून.

इथं फादीने खाली बघितलं. मिशिगनचा माणूस एक वेळ नुसत्या चड्डीवर चर्चमध्ये जाईल, पण तो शर्ट घालणार नाही. गावात मिळतही नाही. फादीच्या मावसभावाने ओहायोतल्या टोलिडोहून पाठवला, आणि फादीने तो काळ्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरच्या मागे ठेवला. बायकोने विचारलं तर म्हणाला, उंदराचं औषध आहे.

मग वेस कामाला लागला. रोज पाईपफिटरचं काम करून यायचा आणि इथं पुन्हा पत्र्याला भिडायचा. जुना रंग खरवडला तर खाली दुसरा, त्याखाली तिसरा, आणि मग एकदम उघडा पत्रा, निळसर, काल कापल्यासारखा. दारं काढली तर आत पिवळ्या खडूने आकडे लिहिलेले. सत्तर साली लाइनवर कुणीतरी घाईघाईत केलेली खूण. बिजागरीच्या खाली जोडावर फट बुजवायचा सीलर लावलेला आणि तो अंगठ्याने दाबलेला. अंगठ्याची रेघ न् रेघ तशीच उमटली होती. तो माणूस कोण, जिवंत आहे की नाही, कोण जाणे. पण अंगठा ताजा होता.

वेसने काझला हाक मारली. काझ आला, टॉर्च मारून वाकला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग त्याने टोपी काढली.

"यावर रंग मारलास तर मी पोलीस बोलावीन," तो हळूच म्हणाला.

"नाही मारणार."

"शपथ घे."

"तुझ्या टायरमधल्या हवेची शपथ."

दोघं तिथंच उभे राहिले, तेलाच्या पिंपाला रेलून. 

फेब्रुवारीत मागच्या चाकावरचा पत्रा कापायचा होता, आतून गंज लागलेला. ती जागा म्हणजे बंद पेटी. वेल्डिंग झाल्यावर तिथं हात जाणं शक्य नाही. वेसने कटर चालवला, पत्र्याचा तुकडा खाली पडला आणि आतून आवाज आला. टुण्ण.

हा आवाज वेस जन्मापासून ओळखत होता. बर्निस वळणावर वळली की टुण्ण, खड्ड्यात गेली की टुण्ण टुण्ण. तीन मेकॅनिकांनी हात टेकले होते. कुणी कुरकुर केली की ऑर्विल म्हणायचा, "असू दे. तिला ती सवय आहे." वेसने पोकळीत दिवा धरला. आत तारेला टांगलेली सोड्याची काचेची बाटली होती. पन्नास वर्षं अंधारात डोलत होती.

तार दोनदा पिळून टोक आत खोचलेलं होतं. ती गाठ बघून वेस खालीच बसला. टोमॅटोच्या काठ्यांना हीच गाठ. नाताळच्या दिव्यांना हीच. वेसच्या पहिल्या सायकलच्या घंटीलाही हीच. जगात ही गाठ मारणारा एकच माणूस होता आणि तो ह्या क्षणी स्वयंपाकघरात बसून कॉर्नब्रेड खात होता.

रात्री जेवताना त्याने बायकोला, लोरीनला, कानात सांगितलं.

"मग परत टांग की," ती म्हणाली. "पहिल्या वळणावर टुण्ण झालं की डॅडी 'बर्निस' म्हणतील. शर्ट काझच्या अंगात."

वेसने आयुष्यात काझला शंभर वेळा फसवलं होतं. त्याच्या पत्रपेटीत बेडूक ठेवला होता, त्याच्या लॉनवर 'विकणे आहे'ची पाटी लावली होती. हे तर हातचं होतं. पण त्याने बाटली पुसली, फडक्यात गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली. ही अजून बर्निसच आहे का, हा प्रश्न काझने विचारला असला तरी तो आता वेसचाच झाला होता. बाटलीने उत्तर दिलं असतं तर ते बाटलीचं उत्तर झालं असतं.

इंजिन एप्रिलमध्ये बसलं. चेन ब्लॉकला लटकत ते इंच इंच खाली आलं, आणि वेस, काझ, फादी तिघंही श्वास रोखून बघत राहिले. जूनमध्ये म्हाताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवून पहिल्यांदा चालू केलं. वेसला वाटलं होतं पत्रे थरथरतील. तसं काहीच नाही. आधी एक खोल, सावकाश हुंकार आला, जमिनीतून आल्यासारखा. काझच्या मगातल्या कॉफीवर बारीक वर्तुळं उमटली, एकात एक. वेसने पाय जरा दाबला आणि समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायचं सोडून खाली बसलं.

"आवाज बरा आहे," काझ म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पदकच.

जत्रेच्या आधीच्या गुरुवारी परीक्षा ठरली. काझ आधीच मागच्या सीटवर जाऊन गुडघे हनुवटीला लावून बसला. वेसने बापाला हाताला धरून अंगणातून आणलं, दोन्ही हात आपल्याच हातात धरून ठेवले, आणि अलगद आत बसवलं. दार लावलं. पूर्वी बर्निसचं दार लागलं की शेजारची लहान मुलं जागी व्हायची. आता नुसतं 'धप्', उशीवर उशी पडल्यासारखं. म्हाताऱ्याच्या भुवया थोड्या वर गेल्या.

"जरा चक्कर मारून येऊ, डॅडी."

"कुणाच्या गाडीतून?"

"बसा तर खरं."

हा प्रश्न मैलाच्या बाहेरचा, म्हणून धरला नाही. मागच्या मुक्याने मात्र त्याची नोंद घेतली असणार.

फादीने दुकानातून कॉफीचा पेला आणून दिला. काठोकाठ भरलेला, झाकण नाही. काझची शिकवण. वेसने फादीकडे असं बघितलं की फादी म्हणाला, "माझ्याकडे नको बघू, हबीबी, मी फक्त ओततो."

गल्लीतून वुडवर्डपर्यंतचा रस्ता म्हणजे चाळणी. वेस पहिला खड्डा चुकवायला गेला आणि दुसऱ्यात सापडला. त्याने डोळ्याच्या कडेने पाहिलं. म्हाताऱ्याच्या हातातली कॉफी एका बाजूला झुकली, काठापर्यंत आली, विचार केला, आणि परत गेली. एक थेंब सांडला नाही. म्हाताऱ्यालाही ते कळलं असणार. त्याने पेला जरा वर धरला, जणू कान लावून ऐकतोय, मग अर्धी कॉफी पिऊन टाकली. खांदे हळूहळू खाली आले. सहा वर्षांत वेसने ते खांदे असे सैल पाहिले नव्हते.

"थंडगार हवा आहे," म्हातारा म्हणाला. "आणि बूड गरम आहे. कमाल आहे."

नाइन माइल रोडचा सिग्नल हिरवा झाला. पुढे तीन लेन मोकळ्या. वेसने पाय दिला. पाचशे घोडे एकदम सुटले, पण धक्का नाही, किंचाळणं नाही. एखाद्या मोठ्या हाताने पाठीमागून अख्ख्या गाडीला तळव्यावर उचलून पुढे नेऊन ठेवावं, तसं. दुकानं मागे पडली, झाडं मागे पडली, आणि मग ब्रेक लागला तोही तसाच, लोण्यात सुरी थांबावी तसा. म्हाताऱ्याचं तोंड उघडं होतं. मोकळा हात मांडीवर पालथा पडला होता, बोटं पसरलेली. वेसने बापाचा असा चेहरा एकदाच पाहिला होता, आईच्या कुशीतल्या धाकट्या बहिणीकडे बघताना.

 अर्धा मैल झाला. वेस मनातल्या मनात म्हणत होता, बोला, डॅडी, नाव घ्या तिचं. टेन माइलची पाटी दिसायला लागली. म्हाताऱ्याने घसा साफ केला.

"वेस. ही गाडी कुणाची?"

पाटी मागे गेली.

  वेसने पुढच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी घातली आणि उभी केली. त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. तीन हिवाळे, आणि शेवटी काझ म्हणाला तेच खरं. आपण डॅडींची गाडी मारून टाकली.

"ज्याची असेल त्याला विचार, विकायची आहे का," म्हातारा म्हणत होता. "पाठ म्हणून दुखली नाही. बर्निसचं आता काय राहिलंय. तिला काढून टाकू, ही घेऊ."

"डॅडी, ही बर्निसच आहे."

"खुळा आहेस का? बर्निसमध्ये बाटली आहे."

बोलून गेला आणि मग त्याने जीभ चावली.

"बाटली मी काढली," वेस म्हणाला. "गाठ ओळखली तुमची. कशाला टांगली होती?"

म्हातारा कॉफीचा पेला गोल गोल फिरवत राहिला. मग हसायला लागला, आवाज न करता, पोट हलवत.

"तू जन्मलास त्या दिवशीची गोष्ट. हॉस्पिटलमधून फोन आला. मी फोरमनला म्हटलं, सोड, पोरगं होतंय. म्हणाला, पोरगं बाई काढेल, तू दारं काढ. शिफ्ट संपेपर्यंत सोडलं नाही. आणि त्याच आठवड्यात त्याने स्वतःसाठी मागवलेली गाडी लाइनवर आली. कागदावर नाव होतं, स्टॅन वोजिक. काझचा बाप."

मागच्या सीटचं लेदर अगदी बारीकसं करकरलं. म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं.

"तीन महिने वेडा झाला तो आवाज शोधून. म्हणाला गाडीत भूत आहे, अर्ध्या किमतीत काढली. घेणारा मीच. भुताशी माझी ओळख होती ना."

"मग नंतर काढून का नाही टाकली?"

"कशी काढू? तो तीन घरं सोडून राहायचा. रोज सकाळी ओट्यावर उभा राहून ऐकायचा, माझंही डोकं उठतंय की नाही. आवाज बंद झाला असता तर त्याला सगळं कळलं असतं. तेहतीस वर्षं ऐकला मी तो आवाज, पठ्ठ्या. मग स्टॅन गेला. आणि मला त्या आवाजाशिवाय गाडी चालवता येईना."

"मिस्टर कोम्ब्स," मागून काझ म्हणाला.

 म्हाताऱ्याने मान वळवली नाही.

"काझ. कधीपासून आहेस?"

"घरापासून."

"कॉफी काठोकाठ भरायला तूच सांगितलंस."

"हो."

"बापावर गेलास." मग अगदी वेगळ्या आवाजात, "काय म्हणतोस मग?"

काझने नाक पुसलं. "आमचे बाबा मरताना म्हणाले होते, ऑर्विलला सांग, भुताला तूच बरं सांभाळलंस. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतायत."

ऑर्विलने ते ऐकलं. कॉफीचा पेला त्याने अगदी सावकाश खाली ठेवला. पन्नास वर्षं तो समजत होता की आपण स्टॅनला फसवलं.

मग त्याने दार उघडलं, काठी न घेता उतरला, आणि अट वगैरे संपली असल्यामुळे कुणी अडवलं नाही. छताच्या कडेवरून त्याची बोटं मागे गेली, मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर थांबली, जोडावरून खाली उतरली, परत वर आली. ऊन कडक होतं. बाजूने ट्रक जात होते. तो गाडीभोवती पूर्ण एक फेरी घालून आला, तळहात न उचलता, आणि वेसला वाटलं आपण देवळात उभे आहोत, पाय हलवायचा नाही.

"पत्रा तोच आहे," म्हातारा शेवटी म्हणाला. "तिच्या अंगात जोर होता, हे मला माहीत होतं. एवढा होता हे माहीत नव्हतं." आणि पुन्हा आत बसत, "थांबलास कशाला? रस्त्याच्या पार टोकाला, पाँटिअ‍ॅकपर्यंत चल."

ते पाँटिअ‍ॅकपर्यंत गेले. इलेव्हन माइल कधी गेला, कुणाला कळलंही नाही.

परत आल्यावर वेसने फादीच्या दुकानात जरा वकिली करून पाहिली. एवढं सगळं झाल्यावर पैज कसली. काझने डोकं हलवलं.

"भूत वेगळं, पैज वेगळी."

"शर्ट परत घेत नाहीत, हबीबी," फादी म्हणाला आणि फ्रीजरच्या मागे हात घातला.

शनिवारी सकाळी नऊ वाजता वेस कोम्ब्स वुडवर्डच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसला, अंगात लाल शर्ट, मापापेक्षा एक नंबर लहान. दोघांपैकी कुणीही हरला तरी आखूडच पडावा म्हणून फादीने मुद्दाम मागवलेला. रस्त्यावर नजर पोचेल तिथवर गाड्या, क्रोमवर ऊन, आणि फुटपाथवर अख्खं गाव. पहिल्या तासात चौघांनी भोंगे मारले, एका बाईने नातवाचे डोळे झाकले, आणि एका पोलिसाने गाडी थांबवून विचारलं, बरं वाटत नाहीये का, कुणाला फोन करू का. लोरीन पलीकडच्या फुटपाथवर उभी होती आणि ओळख दाखवत नव्हती.

आणि त्या सगळ्या गाड्यांमधून बर्निस आली. वेस खुर्चीला बांधलेला, म्हणून चालवायला काझ. ज्याने शपथ घेतली होती की असल्या बाटलेल्या गाडीचं स्टिअरिंग मरेपर्यंत धरणार नाही, तो. दोन्ही हातांनी धरून बसला होता, बोहल्यावरच्या नवरदेवासारखा ताठ, आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं जे गुरुवारी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर होतं. लोक बाजूला सरून बघत होते. ऑर्विलचा हात खिडकीबाहेर दाराच्या पत्र्यावर पालथा टेकलेला.

दुसरी फेरी. तिसरी. सातव्या फेरीला पाच वाजायला दोन मिनिटं होती. सिग्नल लाल झाला आणि बर्निस नेमकी खुर्चीसमोर थांबली. आतली गार हवा वेसच्या घामेजल्या तोंडावर आली.

"काझ," म्हातारा म्हणाला, "लाल शर्टातलं ते माकड अजून बसलंय का?"

"बसलंय, मिस्टर कोम्ब्स. घड्याळ बघतंय."

"बघू दे," म्हातारा म्हणाला आणि पाठ सीटला टेकली. "त्याला म्हणावं, उठू नको. आमची अजून एक फेरी आहे."